शेवटच्या रांगेतला प्रेक्षक

गॅदरिंग संपलं, मंडप उतरला, बक्षिसं वाटून झाली. आमच्या एकांकिकेला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी विषयाचं कौतुक केलं. विषय होता कापूस पिकवणारा शेतकरी. ट्रॉफी घेऊन आम्ही रात्री अकराला मेसमध्ये शिरलो तेव्हा मेसमधले काका ताटं आवरत होते. मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "काका, आलते का नाटकाले? कसं वाटलं?"

काका म्हणाले, "आल्तो न बाबू. मांगं उभा होतो. दिसलं त समदं, पन आयकू काईच नाई आलं."

मी हसून वेळ मारून नेली. पण रूमवर गेल्यावर झोप लागेना. काका स्वतः कापूसवाले. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची कोरडवाहू शेती आहे. ती भावाकडे देऊन ते आमच्या पोळ्या लाटायला इथे राहतात. म्हणजे त्या हॉलमध्ये ज्या एका माणसावर आमची एकांकिका होती, नेमकं त्यालाच ती ऐकू आली नव्हती. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांच्या, त्यामागे स्टाफ, त्यामागे आम्ही पोरं आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, मेस आणि हॉस्टेलचे कर्मचारी. ही व्यवस्था आम्हीच लावली होती.

आपल्या हॉस्टेलवर एक तक्रार कायम ऐकू येते. "या गावात काही होत नाही यार! चांगलं नाटक बघायचं तर अकोला गाठा, नाहीतर अमरावती, नागपूर. चित्रांचं प्रदर्शन तर स्वप्नातच!" मीसुद्धा तीन वर्षं हेच म्हणत होतो. काकांच्या त्या एका वाक्यानंतर मी थोडा अभ्यास केला, आणि माझं मत असं झालं की लहान गावात कलेला प्रेक्षक नसतो हे खोटं आहे. प्रेक्षक असतो. आपण त्याला शेवटच्या रांगेत उभं करतो आणि मग तो येत नाही म्हणून ओरडतो. तो अभ्यास पुढच्या वर्षीच्या टीमला उपयोगी पडावा म्हणून इथे मांडतो आहे.

१. आवाजाचा हिशोब

पहिली शंका आली ती आमच्या आवाजावर. पण आमचा हीरो तर नरड्याच्या शिरा ताणून बोलत होता! मग चुकलं कुठे?

१८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात नेमकी हीच अडचण आली होती. तिथल्या फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात प्राध्यापक काय बोलतात ते कुणालाच कळत नसे. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आलं. त्याने मोजलं तर एकदा निघालेला आवाज त्या खोलीत सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहत होता. मग तो रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, व्याख्यानगृहात मांडायचा, मोजायचा आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायचा. (हॉस्टेलच्या पोरांना ही पद्धत नवीन नाही!) त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात:

घुमण्याचा काळ (सेकंद) = ०.१६ × खोलीचं आकारमान (घनमीटर) ÷ एकूण शोषण (चौ. मीटर)

आता आपल्या हॉलसारखा एक हॉल घ्या. लांबी ३० मी., रुंदी १५ मी., उंची ७ मी. आकारमान झालं ३१५० घनमीटर. फरशी, छत आणि भिंती मिळून १५३० चौ. मीटर पृष्ठभाग. गुळगुळीत प्लास्टर आणि फरशी आवाज जवळजवळ शोषतच नाहीत. खिडक्या-दारं धरून सरासरी ०.०५ शोषण मानलं तर एकूण शोषण येतं ७६.५. भागाकार करा: घुमण्याचा काळ साडेसहा सेकंदांच्या वर जातो.

माणूसही आवाज शोषतो. कपड्यांसकट एक बसलेला माणूस म्हणजे अंदाजे ०.४५ चौ. मीटर. ३०० माणसं बसली की शोषण २११ च्या आसपास आणि काळ २.४ सेकंद. बोलणं स्पष्ट कळायला तो १ सेकंदाच्या जवळपास हवा. आपण सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. म्हणजे आमच्या हीरोचं एक अक्षर मरायच्या आत पुढची दहा अक्षरं त्याच्यावर येऊन पडत होती. पहिल्या रांगेला सरळ येणारा आवाज जोरकस, म्हणून तिथे कळलं. मागे फक्त घोंगावणं पोहोचलं. आणि आम्ही तालीम केली ती कुठे? हॉस्टेलच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे सगळं छान ऐकू येत होतं.

कुणी म्हणेल, माईक लावा की. लावले होते, दोन, वरून टांगलेले. पण घुमणाऱ्या हॉलमध्ये आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं. त्यापेक्षा सॅबाइनचा उपाय स्वस्त. हॉस्टेलची एक कापसाची गादी साधारण १.६ चौ. मीटरची. तिचं शोषण निम्मं धरलं तरी ०.८ येतं. मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर अशा ६० गाद्या टांगल्या तर काळ २ सेकंदांपर्यंत उतरतो. पुरेसा नाही, पण फरक कळतो.

२. जागेचा हिशोब

मग मी उलटा विचार केला. हॉल सुधारण्यापेक्षा हॉल सोडला तर?

उघड्यावर भिंत नाही, म्हणून घुमणंही नाही. तिथे अडचण फक्त अंतराची. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने कमी होतो. म्हणून प्रेक्षक जितका जवळ बसवता येईल तितकं बरं. आपल्या हॉलमध्ये शेवटचा माणूस २८ मीटरवर होता. त्याच ३०० माणसांना सतरंजीवर अर्धवर्तुळात बसवलं तर? माणशी अर्धा चौ. मीटर, म्हणजे १५० चौ. मीटर, आणि वाटा धरून २००. मधे ४ मीटर त्रिज्येची खेळायची जागा सोडली तर गणिताने शेवटचा माणूस १२ मीटरवर येतो. २८ च्या जागी १२. सात डेसिबलचा फायदा, आणि खर्च शून्य.

हे गणित मी काकांना दाखवलं. ते हसले. "आमची दंडार अशीच राह्यते न बाबू. तीन आंगानं मानसं, एका आंगानं वाजोनारे."

काका तरुणपणी दंडारीत स्त्रीपार्ट करायचे हे मला तेव्हा कळलं. चौथ्या वर्षात! रोज दोन वेळा त्यांच्या हातचं खात होतो, पण कधी विचारलं नव्हतं. मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या आम्हाला कुणी शिकवल्या नव्हत्या. एक, ढोलकी थांबल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आम्ही सगळे गंभीर संवाद पार्श्वसंगीतावर टाकले होते. दोन, महत्त्वाची ओळ एकट्याने म्हणून सोडायची नाही, झीलकऱ्यांनी ती परत उचलायची. म्हणजे मागच्या माणसाच्या कानावर ती दोनदा पडते.

कीर्तन आठवून बघा. शेगावला किंवा आपापल्या गावच्या सप्ताहात आपण सगळेच बसलोय. कीर्तनकार उभा, माणसं जमिनीवर. जमिनीवर बसलेल्याचा डोळा पाऊण मीटरवर असतो, म्हणून उभा माणूस मागच्यालाही दिसतो. टाळकरी मागे, आणि तेच चरण उचलून धरतात. ज्या प्रेक्षकाला आपण "नाटक कळत नाही" म्हणतो तो दोन-दोन तास मांडी घालून कीर्तन ऐकतो, निरूपणात कुठे चूक झाली तेही ओळखतो. भारूड आणि सोंगं त्याने आपल्यापेक्षा जास्त बघितलेली असतात. खामगावला कोजागिरीपासून जगदंबा उत्सव भरतो. त्या गर्दीत मूर्ती निरखून बघणारी आणि तिच्या डोळ्यांवर, रंगावर मत देणारी म्हातारी माणसं भेटतात. हा सगळा आपलाच जिल्हा आहे.

इंजिनिअरिंगवाल्यांनी एक नाव लक्षात ठेवावं, बादल सरकार (१९२५-२०११). 'एवं इंद्रजित'चे लेखक. ते शिकले सिव्हिल इंजिनिअरिंग, शिवपूरच्या बंगाल इंजिनिअरिंग कॉलेजात, आणि नोकरी केली नगररचनेची. पुढे त्यांनी पडदा, सेट, उंच रंगमंच सगळं सोडलं. खोलीत, अंगणात, मैदानात, प्रेक्षकांच्या मधे नाटक करायला लागले. त्याला ते तिसरं थिएटर म्हणत. नाटकाला पैसा लागतो तो नट आणि प्रेक्षक यांच्यामधल्या वस्तूंना, हे त्यांना दिसलं होतं. आमच्या एकांकिकेचं बजेट काढून बघितलं तर बहुतेक पैसा गेला होता सेट, भाड्याचे लाईट आणि धूर सोडायच्या मशीनवर.

३. भाषेचा हिशोब

आवाज आणि जागा दुरुस्त झाली. तरी काका म्हणाले, "एकदा मले वाचून त दाखव." मी मेसच्या टेबलावर स्क्रिप्ट वाचली. पहिल्याच पानावर त्यांनी थांबवलं.

आमचा शेतकरी म्हणत होता, "म्या काय करू आता? समदा कापूस पान्यात ग्येला जी!"

काकांनी विचारलं, "हा मानूस कुठचा हाय?"

"आपल्याच भागातला, काका."

"मंग असा काऊन बोलून राह्यला?"

मला उत्तर देता येईना. खरं कारण हे की आमच्या डोक्यात शेतकऱ्याची भाषा टीव्हीवरून आणि सिनेमातून आलेली. ती कोल्हापूर-सातारकडची, तीही अर्धीच. घाटाखाली, सातपुड्याकडे वऱ्हाडी बोलतात. बुलढाणा-चिखलीकडे घाटावर बोली थोडी बदलते, देऊळगाव राजा-सिंदखेड राजाकडे मराठवाड्याचा वास येतो. आमच्या टीममध्ये निम्मी पोरं याच जिल्ह्यातली. घरी फोनवर बोलताना "मी येऊन राह्यलो" म्हणणारी. स्टेजवर मात्र कुणालाच ती भाषा आठवली नाही. की लाज वाटली? मला वाटतं, लाजच.

काकांनी ओळ अशी केली: "आता मी काय करू बाप्पा? सारा कापूस पान्यात गेला न."

मग एकेक चुका निघाल्या. आमच्या नाटकातला शेतकरी कापूस मोंढ्यावर नेत होता. काका म्हणाले, आमच्याकडे कापूस जिनिंगवर जातो, मोंढा तिकडे मराठवाड्यात. आमचा शेतकरी जानेवारीत पहिला वेचा करत होता. काका म्हणाले, तेव्हा फरदड घेतात, पहिला वेचा कधीच संपतो, आणि पहिल्या वेच्याला सीतादहीची पूजा असते. इतकी मोठी गोष्ट आमच्या नाटकात नव्हती.

४. चित्रांचा हिशोब

नाटकासोबत आमचं चित्रप्रदर्शनही होतं, सेमिनार हॉलमध्ये दोन दिवस. रजिस्टरमधल्या सह्या बहुतेक आमच्या आमच्याच. मेसच्या मावश्या दारापर्यंत आल्या. आत लाल कार्पेट, एसी आणि दाराशी कोटातला व्हॉलंटिअर. चपला काढायच्या की नाही ते कळेना, म्हणून परत गेल्या. हे मला नंतर कळलं. तेव्हा या प्रकरणातही बाहेर उभं केलेला माणूस तोच.

याचं उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात सापडतं. मलकापूरहून भुसावळला गेलं की पलीकडे फैजपूर. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन तिथे भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. गावात मिळेल त्याच वस्तूंनी सगळं उभं करायचं, ही अट. बोस यांनी बांबू आणि गावातलंच इतर सामान वापरून टिळकनगर नावाची ती वसाहत सजवली. पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी चित्रफलकच रंगवले. ढोलकी वाजवणारा, सुतार, कांडणारी बाई. ठळक रेषा, मोजके रंग. ते दाराखोलीत लावले नाहीत, माणसं चालतात तिथे, मंडपात आणि प्रवेशद्वारांवर लावले. ज्याचं चित्र काढलं त्याला ते चालता चालता दिसावं, असा विचार.

आपल्या जिल्ह्यातही असा धागा आहे. खामगावचं टिळक राष्ट्रीय विद्यालय राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून उभं राहिलं, आणि तिथे चित्रकला शिकवणाऱ्या पंधे गुरुजींचं नाव जुनी माणसं अजून आदराने घेतात.

आता थोडं तांत्रिक. चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून १४५ ते १५० सें.मी. वर ठेवावा, ती सरासरी नजरेची उंची. काचेच्या फ्रेमवर ट्यूबलाईट समोर असेल तर चित्राऐवजी ट्यूबच दिसते. दिवा वरून, भिंतीशी ३० अंशांचा कोन करून पडावा. चित्राचा मध्य दीड मीटरवर आणि दिवा २.६ मीटर उंचीवर असेल तर तो भिंतीपासून साधारण ६५ सें.मी. पुढे टांगावा. चित्राखालच्या पट्टीवरचं अक्षर दोन मीटरवरून सहज वाचता यायला निदान १ सें.मी. उंच हवं. आमचं अक्षर होतं वहीत लिहितो तेवढं, आणि तेही इंग्रजीत.

मातीच्या मूर्तींना मात्र समोरचा उजेड चालत नाही. हे मी लोणारला शिकलो. सरोवर बघून आम्ही गावातल्या दैत्यसूदन मंदिरात गेलो. भर दुपारी बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं सपाट वाटली. चहा घेऊन संध्याकाळी परत आलो तर तिरप्या उन्हात त्याच मूर्तींचे दागिने, बोटं, चेहरे उठून आले. उजेड बाजूने आला की सावली पडते आणि सावलीमुळे खोली दिसते. त्यामुळे क्ले मॉडेलिंगच्या टेबलाला दिवा कायम बाजूने लावावा.

५. दुसरा प्रयोग

परीक्षा संपल्यावर आम्ही हे करून बघितलं. बक्षीस नाही, परीक्षक नाहीत. मेससमोरच्या अंगणात अर्धवर्तुळात सतरंज्या टाकल्या. हॉस्टेलच्या लोखंडी कॉट उभ्या करून त्यांना पोती बांधली आणि त्यावर चित्रं लावली, मेसच्या रांगेच्या कडेने. ताट घेऊन उभं राहायचं आणि चित्र बघायचं. चपलांचा प्रश्नच नाही. मावश्यांनी चित्रं बघितली आणि एका पोराने काढलेल्या बैलाचं वशिंड चुकलंय हे लगेच सांगितलं. खरंच चुकलं होतं.

एकांकिका तीस मिनिटांचीच ठेवली, कारण युवक महोत्सवात एकांकिकेला तेवढाच वेळ मिळतो. संगीत फक्त संवादांच्या मधे. सगळं सुरळीत झालं असं नाही. वारा सुटला की डाव्या बाजूला ऐकू येईना. खाली बसून करायचा एक प्रसंग मागच्यांना दिसलाच नाही. दोन मेसची टेबलं जोडून चौथरा करायला हवा होता, ते सुचलं नाही. आणि ज्या पोराने वऱ्हाडी संवाद घ्यायला नकार दिला होता तो प्रयोगाच्या ऐन वेळी आपोआप वऱ्हाडीत गेला, त्यामुळे त्याचा समोरचा नट गोंधळला.

संपल्यावर मी काकांकडे गेलो. या वेळी ते पहिल्या रांगेत होते.

"आयकू आलं काका?"

"समदं आयकू आलं." ते थोडा वेळ थांबले. "पन शेवट खोटा हाय बाबू."

आमच्या एकांकिकेत शेवटी शेतकरी गळफास घेतो आणि अंधार होतो. त्यावरच टाळ्या पडल्या होत्या. काका म्हणाले, "आमच्या गावात असं झालं. तुम्ही लाईट बंद करता अन घरी जाता. त्याच्या बाईनं तिसऱ्या दिवशी जनावरं सोडली चराले. ढोरं काय उपाशी ठेवता येते? ते दाखवा न."

आम्ही गप्प बसलो. गॅदरिंगच्या रात्री काकांना ऐकू गेलं असतं तर हे त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं. परीक्षकांनी सांगितलं नाही, आम्हालाही दिसलं नाही.

आता शेवट बदलून लिहितो आहोत. त्या बाईला आमच्या स्क्रिप्टमध्ये एकही संवाद नव्हता. आता शेवटची सात मिनिटं तिची आहेत.

पुढच्या टीमसाठी

मी यंदा बाहेर पडतोय. म्हणून कामाच्या चार गोष्टी लिहून ठेवतो. एक, स्क्रिप्ट पक्की करण्याआधी ज्यांच्यावर ती आहे त्यांना मेसमध्ये वाचून दाखवा, निदान दोन महिने आधी. दोन, एक तरी तालीम खऱ्या जागेवर करा, आणि एका मित्राला शेवटच्या रांगेत बसवून त्याला ऐकू आलेले शब्द कागदावर लिहायला सांगा. अर्धे शब्द कोरे राहिले तर जागा बदला. तीन, चित्रं तिथे लावा जिथून माणसं रोज जातात. पट्ट्या मराठीत, मोठ्या अक्षरात. चार, पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या खुर्च्यांपैकी दहा तरी मेस आणि हॉस्टेलच्या कर्मचाऱ्यांसाठी ठेवा, आणि त्यांना आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगा. चिठ्ठी लावून ते येत नाहीत.

काकांनी नवीन शेवटाच्या तालमीला यायचं कबूल केलंय. वेळ मात्र रात्री दहानंतरची ठेवा, त्याआधी त्यांची भांडी असतात.